जमाव बेभान होतो का? माणसं एकत्र आली की नेमकं काय घडतं

जमावाने कुणाला तरी मारहाण केल्याची बातमी येते. सोबतच्या व्हिडिओत शंभरेक माणसं दिसतात. त्यातली बहुतेक कालपर्यंत कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. आपण हळहळतो आणि म्हणतो, "जमावाला डोकं नसतं." काही दिवसांनी कुठेतरी इमारत कोसळते आणि एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं साखळी करून रात्रभर ढिगारा उपसतात. तेव्हा आपण म्हणतो, "माणुसकी अजून जिवंत आहे." या दोन बातम्या आपण मनाच्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एका ठिकाणी माणसातलं जनावर जागं झालं आणि दुसऱ्या ठिकाणी देव, असं समजून मोकळे होतो.

माणसं इतरांच्या सोबतीत कशी वागतात याचा अभ्यास करणारं शास्त्र म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. गेल्या सत्तरेक वर्षांत या शास्त्राने जे गोळा केलं आहे त्यावरून माझं मत असं झालं आहे की हे दोन कप्पे मुळात एकच आहेत. दोन्ही ठिकाणी माणूस नकळत दोनच प्रश्न विचारत असतो: इथे 'आपली माणसं' कोण? आणि बाकीचे आता काय करतील? उत्तरं बदलली की तीच माणसं दगड उचलतात किंवा ढिगारा उपसतात.

## बेभान जमावाची कल्पना आली कुठून?

१८९५ साली गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने जमावाच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. त्याचं म्हणणं असं, की गर्दीत शिरलेल्या माणसाची स्वतःची बुद्धी विरघळते, त्याला संमोहन झाल्यासारखं होतं आणि तो संस्कृतीच्या कित्येक पायऱ्या खाली घसरतो. हे लिहिलं गेलं तेव्हाचा फ्रान्स पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे १८७१ मधल्या पॅरिसच्या उठावाच्या, आठवणीने आणि कामगारांच्या संपांनी धास्तावलेला होता. वरच्या वर्गाला रस्त्यावरची माणसं दुरून जशी दिसत होती, तसंच हे चित्र आहे. जमावातल्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं.

विचारायला सुरुवात झाली ती फार उशिरा. एप्रिल १९८० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, सेंट पॉल्स नावाच्या वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. स्टीफन रायशर या तरुण संशोधकाने नंतर त्या जमावातल्या लोकांशी बोलून घटनाक्रम जुळवला. हल्ले प्रामुख्याने पोलिसांवर आणि बँकेसारख्या बाहेरच्या समजल्या जाणाऱ्या मालमत्तेवर झाले होते. वस्तीतली घरं बहुतांशी शाबूत होती. दंगल वस्तीच्या हद्दीबाहेर पसरली नाही आणि मध्येच काही लोक रस्त्यावरची वाहतूक मार्गी लावत होते. पोलिसांवर दगड पडत होते तेव्हा कुणी थांबवलं नाही, पण एकाने बसच्या काचेवर दगड मारल्यावर आजूबाजूचे लोक त्याच्यावरच वैतागले.

दंगल चांगली होती असं इथे कुणी म्हणत नाही. पण डोकं गमावलेला जमाव असा निवड करत नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही याची एक अलिखित रेषा त्या लोकांच्या मनात होती. अशा रेषेला या लेखात आपण 'संकेत' म्हणू, म्हणजे गटात सगळ्यांना ठाऊक असलेला, कुठेही न लिहिलेला नियम. गर्दीत माणूस स्वतःचे संकेत बाजूला ठेवून त्या गर्दीचे संकेत उचलतो.

## पण चेहरा झाकला की माणूस सुटतोच ना?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. ओळख लपली की लाज जाते, लाज गेली की हिंसा येते, असं वाटणं साहजिक आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग इथे मोलाचा आहे. अमेरिकेतल्या जॉन्सन आणि डाउनिंग या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेच्या झग्यासारखे कपडे घालायला दिले आणि काहींना परिचारिकेचा गणवेश. मग दुसऱ्या एका व्यक्तीला विजेचे झटके देण्याची संधी दिली. (झटके खोटे होते, पण सहभागींना ते माहीत नव्हतं.) झग्यातल्या मुलींनी झटके वाढवले. परिचारिकेच्या वेशातल्या मुलींनी मात्र कमी केले आणि ओळख लपलेली असताना तर आणखी कमी केले.

म्हणजे ओळख लपली की माणूस सुटा होत नाही. अंगावर जी भूमिका असेल तिच्याकडे तो जास्त झुकतो. १९९८ मध्ये पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी अशा साठ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही सूर हाच निघाला.

## शंभर माणसं, शंभर उंबरठे

या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट प्रयोगातून आलेली नाही. ती कागदावरच्या साध्या हिशोबातून आली आहे. १९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने तो मांडला.

कार्यक्रम संपल्यावर सभागृहात उभं राहून टाळ्या वाजवण्याचा क्षण आठवा. कुणी एकटाच पटकन उभा राहतो. कुणी चार जण उभे राहिले की उठतो. कुणी अर्धं सभागृह उठल्याशिवाय हलत नाही. कार्यक्रम सगळ्यांना सारखाच आवडलेला असू शकतो, पण प्रत्येकाला आधी किती जण उठलेले दिसायला हवेत तो आकडा वेगळा असतो. या आकड्याला ग्रॅनोव्हेटरने उंबरठा म्हटलं.

आता शंभर माणसांचा संतापलेला जमाव घ्या. पहिल्याचा उंबरठा शून्य आहे, म्हणजे कुणी सोबत नसलं तरी तो दगड मारेल. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. शून्यवाला दगड मारतो. त्याला पाहून एकवाला मारतो. दोघांना पाहून दोनवाला. बघता बघता शंभरच्या शंभर जण सामील होतात. बातमी येते: हिंसक जमावाचा धुडगूस.

दुसऱ्या गावात अगदी असाच जमाव आहे, फरक एका माणसाचा. तिथे उंबरठा एक असलेल्याच्या जागी उंबरठा दोन असलेला माणूस आहे. शून्यवाला दगड मारतो. मग शांतता पसरते, कारण एकट्याला पाहून पुढे सरणारा तिथे कुणीच नाही. दोन उंबरठ्याची माणसं दुसऱ्या दगडाची वाट पाहत राहतात आणि तो पडतच नाही. बातमी आलीच तर येते: माथेफिरूने काच फोडली.

दोन्ही जमावांतली नव्याण्णव माणसं जशीच्या तशी आहेत. तरी एका गावाबद्दल आपण "तिथली माणसंच तसली" असा निष्कर्ष काढू आणि दुसऱ्याबद्दल "शांत गाव" म्हणू. एखादी घटना पाहून अख्ख्या समाजाच्या स्वभावावर निकाल देणं का धोक्याचं आहे, हे मला या हिशोबाइतकं स्पष्टपणे कुणी समजावलेलं नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सुरुवातीचे काही क्षण सगळ्यात महत्त्वाचे असतात. साखळी तोडायला पन्नास माणसं लागत नाहीत, सुरुवातीच्या कड्यांपैकी एकच थांबली तरी पुरतं. हीच गोष्ट मदतीलाही लागू पडते. ढिगाऱ्याकडे धावणारा पहिला माणूस शून्य उंबरठ्याचा असतो. त्याच्या मागून येणाऱ्यांना फक्त कुणीतरी धावलेलं दिसावं लागतं.

मोबाइलवर तर समोरच्या गर्दीचा आकडाच पडद्यावर छापलेला असतो: इतक्या जणांना आवडलं, इतक्यांनी पुढे पाठवलं. मोठ्या उंबरठ्याच्या माणसालाही हजारो लोक क्षणात दिसतात. शिवाय तिथे संतापाला बक्षीस मिळतं. २०१७ मध्ये ब्रेडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या अमेरिकेतल्या राजकीय वादांचा अभ्यास केला. संदेशात नैतिक संतापाचा किंवा तशाच भावनेचा एकेक शब्द वाढला की तो सुमारे २० टक्के अधिक पसरत होता. भारतात अफवांवरून जमावाने माणसं मारल्यानंतर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. त्यामागेही साखळीचा वेग कमी करण्याचाच विचार होता.

## 'आपण' आणि 'ते' तयार व्हायला किती वेळ लागतो?

काही मिनिटं. हे उत्तर अतिशयोक्ती वाटेल, पण हेन्री ताजफेलच्या प्रयोगांतून तेच निघालं. ताजफेल पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांचा युद्धकैदी होता आणि परत आला तेव्हा त्याचं जवळपास सगळं कुटुंब मारलं गेलेलं होतं. माणसं एकमेकांना परकं कशी ठरवतात हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता.

१९७०च्या सुमारास त्याने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि तुम्हाला क्ली आवडतो, तुम्हाला कँडिन्स्की, असं सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. आपल्या गटात कोण कोण आहे हे मुलांना कळलं नाही. मग प्रत्येकाने स्वतः सोडून इतर दोघांना गुण वाटायचे होते. एका तक्त्यात अशी निवड होती: आपल्या गटाच्या मुलाला १९ आणि त्यांच्या मुलाला २५, किंवा दोघांना १३, किंवा आपल्याला ७ आणि त्यांना १. शहाणपण १९ घेण्यात आहे. पण मुलांचा कल आपण पुढे राहण्याकडे होता, मग आपल्या गटाला एकूण कमी मिळालं तरी चालेल. भांडण नाही, जुनं वैर नाही, स्वतःचा फायदाही नाही. फक्त एक नाव चिकटवलं होतं.

ताजफेलने मूळ दाखवलं. ते किती वाढतं हे त्याआधीच, १९५४ मध्ये, मुझफर शेरीफने पाहिलं होतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात त्याने २२ मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं अकरा-बारा वर्षांची, चांगल्या घरांतली, एकमेकांना अनोळखी. दोन गट वेगवेगळे ठेवले होते. काही दिवसांनी त्यांना एकमेकांचा पत्ता लागला आणि बेसबॉल, रस्सीखेच अशा सामन्यांची मालिका सुरू झाली. जिंकणाऱ्या गटाला पदकं आणि चाकू, हरणाऱ्याला काहीच नाही. मग ईगल्स आणि रॅटलर्स अशी नावं घेतलेल्या या दोन गटांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर धाडी घातल्या. दोन्ही गटांना जेवायला एकत्र बसवलं तर अन्नाची फेकाफेक झाली.

मग शेरीफने दोघांनाही गरजेच्या आणि एका गटाला न झेपणाऱ्या अडचणी उभ्या केल्या. शिबिराचं पाणी बंद पडलं. सामान आणायला निघालेला ट्रक चालू होईना. मुलांनी तो ओढायला वापरला तो रस्सीखेचीचाच दोर. एका प्रसंगाने काही झालं नाही, पण अशा प्रसंगांची रांग लागल्यावर वैर निवळत गेलं. परतताना बहुतेकांनी एकाच बसने जायचं ठरवलं.

ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी इथेच संपते आणि त्यामुळे तिचा अर्धाच धडा पोहोचतो. शेरीफने वर्षभर आधी न्यूयॉर्क राज्यात असंच एक शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं होतं. तिथे मुलं आधी सगळी एकत्र राहिली, त्यांच्या मैत्री जुळल्या आणि नंतर गट पाडले गेले. शिबिराच्या माणसांनी भांडण लावायचे प्रयत्न केले, कपडे गायब केले. मुलांनी एकमेकांना विचारलं, एकमेकांवर विश्वास ठेवला आणि धुलाईत काहीतरी घोळ झाला असावा असं ठरवलं. शेवटी त्यांना मोठ्यांचाच संशय येऊ लागला आणि प्रयोग गुंडाळावा लागला.

वैर पेरायला शेरीफकडे सगळी साधनं होती. स्पर्धा होती, बक्षिसं होती, चिथावणारे होते. आधीची ओळख आणि एकमेकांना थेट विचारण्याची सोय एवढ्याने ते सगळं निकामी झालं. माझ्या मते फसलेलं शिबिर गाजलेल्या शिबिराइतकंच शिकवतं.

## माणूस मुळातच आक्रमक आहे, हे खरं नाही का?

आक्रमक होण्याची क्षमता सगळ्यांत आहे, यात शंका नाही. १९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी सिद्धांत मांडला की आक्रमकतेच्या मुळाशी नेहमी वैफल्य असतं, म्हणजे हवं ते मिळता मिळता कुणीतरी अडवणं. पुढे लेनर्ड बर्कोविट्झने त्यात दुरुस्ती केली. वैफल्य, वेदना, उकाडा, अपमान यांतून चीड येते. तिचं हल्ल्यात रूपांतर होईल की नाही हे प्रसंग, समोरची माणसं आणि चालू संकेत ठरवतात.

याच संदर्भात एक समज पुसला जायला हवा, कारण तो घरोघरी सल्ला म्हणून दिला जातो: राग आत ठेवू नकोस, उशीवर ठोसे मार, मोकळं वाटेल. २००२ मध्ये ब्रॅड बुशमनने हे तपासलं. सहभागींच्या निबंधावर मुद्दाम अपमानास्पद शेरे मारून त्यांना चिडवलं. काहींनी चिडवणाऱ्याचा विचार करत ठोशांच्या पिशवीवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत, काही जण नुसते शांत बसले. चिडवणाऱ्याला मनात आणून ठोसे मारणारे सगळ्यात जास्त संतप्त आणि आक्रमक निघाले. नुसते बसलेले सगळ्यात कमी. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टी, म्हणजे श्वसन, ध्यान, शिथिलीकरण, राग उतरवतात असंच दिसलं. राग ओकल्याने राग संपत नाही, त्याचा सराव होतो. जमावाच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. "लोकांना एकदा संताप व्यक्त करू द्या, मग शांत होतील" हा हिशोब मांडणारे नेते उंबरठे खाली आणत असतात.

## सहकार्य टिकतं कधी आणि कोसळतं कधी?

सहकार्याचा अभ्यास करायला एक सोपा खेळ वापरतात. चौघे जण, प्रत्येकाकडे २० नाणी. हवी तितकी सामायिक भांड्यात टाकायची. भांड्यातली रक्कम १.६ पट केली जाते आणि चौघांत समान वाटली जाते, कुणी किती टाकले याची पर्वा न करता. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाला ३२ मिळतात. पण तिघांनी टाकलं आणि मी खिशात ठेवलं, तर मला ४४ आणि त्या तिघांना २४. कुणीच टाकलं नाही तर प्रत्येकाकडे २० तसेच राहतात.

पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी रक्कम टाकतात. माणूस फक्त स्वार्थी असता तर शून्य टाकला असता. पण फेऱ्या पुढे सरकतात तशी रक्कम घसरत जाते. याचं कारण फिशबाखर, गेश्टर आणि फेर यांनी २००१ मध्ये झ्युरिकच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात सापडतं. सुमारे ३० टक्के जण फुकटे निघाले, इतरांनी कितीही टाकलं तरी काही न टाकणारे. निम्मे जण 'तू देशील तर मी देईन' या वृत्तीचे होते. त्यांना सशर्त सहकारी म्हणतात. फुकटा दिसला की ते हात आखडतात, त्यांना पाहून बाकीचेही. शेवटी सगळेच फुकट्यासारखे वागतात, जरी खरे फुकटे थोडेच असले तरी. उंबरठ्यांचीच साखळी आहे ही, फक्त उलट्या दिशेने चालणारी.

यांपैकी फेर आणि गेश्टर यांनी स्वतःचे पैसे खर्चून फुकट्याला दंड करण्याची मुभा दिली, तेव्हा सहकार्य चढू लागलं. मात्र "कडक शिक्षा करा" एवढाच निष्कर्ष इथून काढणारे पुढचा निकाल विसरतात. २००८ मध्ये हाच खेळ जगातल्या सोळा शहरांत झाला. काही ठिकाणी, विशेषतः अथेन्स आणि मस्कतमध्ये, कमी देणाऱ्यांनी जास्त देणाऱ्यांनाच दंड ठोकला आणि सहकार्य वाढलं नाही. कायद्यावरचा विश्वास आणि नागरी सहकार्याचे संकेत जिथे कच्चे होते, तिथे हा प्रकार जास्त दिसला. दंड त्याच्या मागे असलेल्या संकेताइतकाच चांगला असतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर खऱ्या गावांचा अभ्यास केला: सामायिक कुरणं, जंगलं, मासेमारीचं पाणी, पाटाचं पाणी. सामायिक गोष्ट सगळे मिळून ओरबाडून संपवतात, हा समज त्यांनी खोडून काढला. शतकानुशतकं टिकलेल्या व्यवस्था त्यांनी दाखवल्या. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, नजर ठेवणारे त्यांच्यातलेच होते आणि पहिल्या चुकीला दंड अगदी हलका होता. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हलक्या पहिल्या दंडामागची जाण मला फार महत्त्वाची वाटते. चुकणाऱ्याला तो बाहेर फेकत नाही आणि बघणाऱ्या सशर्त सहकाऱ्यांना दिसतं की नियम चालू आहे.

## दोन गटांना एकत्र बसवलं की प्रश्न सुटतो?

सहभोजन, मेळावे, सद्भावना फेऱ्या हा आवडता उपाय आहे. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच बजावलं होतं की संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, पण समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने हे उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या मैदानावर तपासलं. वेगवेगळ्या जातींचे तरुण चिठ्ठ्या टाकून संघांत घातले. एकाच संघातून खेळलेल्यांत जातीपलीकडची मैत्री वाढली. इतर जातीच्या खेळाडूंविरुद्ध जास्त खेळावं लागलेल्यांत ती कमी झाली. मैदान तेच, खेळ तोच, भेटीगाठीही होत्याच. फरक पडला तो कोण आपल्या बाजूला आणि कोण समोर, याने.

इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घालण्याचा प्रयोग सलमा मूसा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. मैदानावरची वागणूक सुधारली, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. ज्यांना भेटलो त्यांच्यापुरता संकेत बदलला. हे निराशाजनक वाटेल, तरी ते लपवण्यात अर्थ नाही.

## बघे नुसते बघतच राहतात ना?

१९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांनी दाखवलं की अपस्माराचा झटका आलेल्या माणसाचा आवाज एकट्याने ऐकला तर ८५ टक्के जण लगेच मदतीला उठतात आणि आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटलं तर ३१ टक्केच. तेव्हापासून "गर्दीत कुणी मदत करत नाही" हे वाक्य रूढ झालं. पण त्या प्रयोगात लोक वेगवेगळ्या खोल्यांत होते, इतर काय करतात ते त्यांना दिसतच नव्हतं.

अलीकडे ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक जण मध्ये पडला होता आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त.

मदत कुणाला मिळते हे मात्र पुन्हा 'आपलं कोण' यावर येतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक तरुण पडल्याचं नाटक केलं गेलं. अंगात त्यांच्याच संघाचा शर्ट असताना जवळपास सगळे धावले, प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असताना थोडेच. दुसऱ्या वेळी चाहत्यांना आधी 'फुटबॉलप्रेमी' म्हणून आपल्या आवडीबद्दल लिहायला सांगितलं. मग लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही बहुतेकांनी हात दिला. साध्या शर्टातल्या माणसाला मात्र तेव्हाही फारशी मदत मिळाली नाही. वर्तुळ मोठं करता येतं, पण त्याला कड असतेच.

## मग दोषी कुणीच नाही?

हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानते. परिस्थितीवर सगळं ढकललं तर मारणारा सुटतो. पण पुरावे नीट पाहिले तर ते उलट बोलतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅन्ली मिलग्रमच्या प्रयोगात ४० पैकी २६ जणांनी वरिष्ठाच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला द्यायचे (प्रत्यक्षात खोटे) विजेचे झटके शेवटच्या, ४५० व्होल्टच्या, पातळीपर्यंत नेले. हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. १९७१च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात तरुणांना कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं; त्यातले पहारेकरी आपोआप क्रूर झाले, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. नंतर ध्वनिमुद्रणं बाहेर आली, त्यात प्रयोग चालवणाऱ्यांपैकी एक जण पहारेकऱ्याला आणखी कठोर हो म्हणून गळ घालताना ऐकू येतो.

म्हणजे कुणीतरी संकेत घडवत असतं आणि त्याचं नाव-गाव असतं. चिथावणारा, अफवा सोडणारा, पहिल्या दगडाला शाबासकी देणारा यांची जबाबदारी या शास्त्राने कमी होत नाही, उलट नेमकी दाखवता येते. सरसकट जमावाला बेभान म्हटलं की हीच माणसं गर्दीत लपतात.

पोलिसांसाठीही यात काही आहे. सरसकट सगळ्यांवर लाठी चालवली की आतापर्यंत वेगवेगळी असलेली माणसं 'आपण विरुद्ध पोलीस' अशी एक होतात. २००४च्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी क्लिफर्ड स्टॉट आणि सहकाऱ्यांच्या सल्ल्याने दंगलविरोधी साजाऐवजी नेहमीच्या गणवेशात, बोलत-मिसळत बंदोबस्त ठेवला आणि फक्त उपद्रवी माणसांना वेगळं काढलं. त्यांच्या हद्दीत इंग्लिश चाहत्यांची मोठी दंगल झाली नाही. हा मार्ग न वापरणाऱ्या दुसऱ्या दलाच्या हद्दीत, आल्बुफेरा गावात, मात्र झाली.

## एकट्याने काय होणार?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ५६ शाळांमध्ये एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निम्म्या शाळांत काही विद्यार्थ्यांचा छोटा गट निवडला आणि दादागिरीविरुद्ध काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. वर्षभरात त्या शाळांतल्या भांडणांच्या नोंदी सुमारे पाव हिश्शाने घटल्या. ज्यांच्याकडे इतर मुलांचं लक्ष असतं अशी मुलं गटात जितकी जास्त, तितका परिणाम मोठा. बाकीच्या शेकडो मुलांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. त्यांना आपल्यातलेच काही जण वेगळं वागताना दिसले होते.

आणि अगदी एकटा माणूस? १९५०च्या दशकात सॉलोमन ॲशने लोकांना रेषांची लांबी ताडून पाहायला सांगितली. उत्तर उघड होतं, पण खोलीतले बाकीचे सगळे, जे ॲशचेच साथीदार होते, ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. सहभागींनी सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसतं ते सोडून गर्दीचं उत्तर दिलं. साथीदारांपैकी एकाने खरं उत्तर द्यायला सुरुवात केल्यावर चुका पाव हिश्शावर आल्या. मग ॲशने तो एकटा सोबती मध्येच खोलीतून बाहेर पाठवून पाहिला. तो गेल्यानंतरही चुका थोड्याच वाढल्या. पण जेव्हा सोबती खोलीतच राहिला आणि मध्येच बहुमताच्या बाजूला गेला, तेव्हा चुका झपाट्याने वर चढल्या.